गारेतलं पाणी खरंच साडेसहा कोटी वर्षांचं?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की जमिनीखाली गरम पाण्यातून स्फटिक वाढत असतो तेव्हा त्या पाण्याचे बारीक थेंब त्याच्या पोटात अडकून राहतात, त्यांना आम्ही फ्लुइड इन्क्लूजन म्हणतो, आणि तांबं, जस्त, सोनं जमिनीत कसं साठलं ते शोधायला आम्ही भूरसायनवाले हे थेंब तपासतो. त्यावर एवढी पत्रं आणि मेल येतील असं काही वाटलं नव्हतं. कुणी दगडाचे फोटो पाठवलेत, एकाने तर अख्खा दगडच कुरिअर केलाय (मिळाला, पण आत चिठ्ठी नाही, कुणाचा आहे ते कळवा). सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, जी पत्रं वाचून मलाच मजा आली ती घेतलीयेत.

प्रश्न: ताई, आमच्या विहिरीचं काम चालू असताना सुरुंगाच्या मलब्यात एक पोकळ गार सापडली. उजेडात धरून हलवली की आत पाणी दिसतं, बुडबुडा इकडून तिकडे पळतो. एक व्यापारी येऊन गेला, म्हणाला हे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, डायनासोरच्या काळातलं पाणी आहे. भाव मात्र दोन हजार सांगतो. पाणी खरंच इतकं जुनं असतं का?
— शेतकरी वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर: डायनासोरचं पाणी म्हणतो आणि दोन हजार देतो, यातच काय ते आलं की हो.

गंमत सोडून सांगते. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, तेवढं त्याचं बरोबर आहे. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्या झाल्या. पण पोकळी ही रिकामी खोली, भाडेकरू नंतर आले. पुढे कोमट-गरम पाणी त्या खडकातून झिरपत राहिलं, त्यानं खडकातलीच सिलिका, कॅल्शियम वगैरे विरघळवून आणून पोकळीत थरावर थर दिले, आधी अकीक, मग क्वार्ट्झचे स्फटिक, मग झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइट. हे काम एका दमात झालेलं नाही, अ‍ॅपोफिलाइटचं वय काढलं तर काही ठिकाणी ते लाव्हापेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान निघतं. म्हणजे दगडाचं वय ते पाण्याचं वय असं धरताच येत नाही.

त्यात तुमच्या गारेची भिंत अकीकाची असणार, आणि अकीक दिसायला काचेसारखा असला तरी सूक्ष्म पातळीवर सच्छिद्र असतो, मातीच्या माठासारखा, फक्त माठ तासाभरात पाझरतो आणि हा फार फार सावकाश. कपाटात ठेवलेल्या अशा गारांमधलं पाणी काही वर्षांनी कमी होतं, कधी संपूनही जातं, हे गोळा करणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. जे बाहेर जाऊ शकतं ते आतही येऊ शकतं. म्हणून तुमच्या गारेतलं पाणी जुनं असेल, थोडं जुनं थोडं नवं असेल, नुसतं बघून कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. उन्हात ठेवू नका, फ्रीजरमध्ये तर अजिबात नको, पाण्याचा बर्फ झाला की गार तडकेल. आणि ड्रिलने भोक पाडून पाणी चाखायचा विचार पत्रात शेवटी लिहिलाय तो कृपा करून सोडा.

आम्ही ज्या थेंबांवर काम करतो ते वेगळे. ते सलग स्फटिकाच्या आत बंद असतात, आणि इतके लहान की डोळ्याला दिसतच नाहीत.

प्रश्न: मॅडम, मी एम.एस्सी. जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशनला फ्लुइड इन्क्लूजन घ्यायचं मनात आहे पण सीनियर म्हणतात दिवसभर तापव-गोठव करत बसायचं काम, बोअर होशील. नक्की काय करतात?
— विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर: सीनियर खोटं बोलत नाहीयेत, तापव-गोठवच आहे. पण ते शेवटी. आधी दगडाची साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची चकती करायची, दोन्ही बाजूंनी आरशासारखी पॉलिश (तुम्ही प्रॅक्टिकलला बघता ती थिन सेक्शन ०.०३ ची असते, तिच्यात बरेचसे थेंब कापलेच जातात). मग मायक्रोस्कोपखाली थेंब शोधायचे. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा धर, कामाचा थेंब ५ ते २० मायक्रॉनचा. त्यात पाणी, आणि पाण्यात एक बुडबुडा. तो बुडबुडा का असतो? उकळता पाक बाटलीत काठोकाठ भरून बूच घट्ट लावलं आणि बाटली गार झाली की वर जागा सुटते ना, तेच. थेंब बंद झाला तेव्हा तो गरम होता आणि पोकळी गच्च भरलेली होती, थंड होताना पाणी आकसलं पण स्फटिक फारसा आकसला नाही, उरलेल्या जागेत बुडबुडा झाला. म्हणजे उलट दिशेने तापवत नेलं आणि बुडबुडा नाहीसा झाला की थेंब बंद झाला तेव्हाच्या तापमानाचा अंदाज मिळतो. ही कल्पना इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सोर्बीने १८५८ साली छापली, तेव्हा दगड मायक्रोस्कोपखाली बघतात यालाच लोक हसायचे.

गोठवायचं कशासाठी, तर मीठ मोजायला. तुझ्या आजोळी हाताने फिरवायचं आइस्क्रीमचं पॉट असेल तर आठव, बर्फात खडेमीठ का टाकायचे? मिठाने बर्फ शून्याच्या खाली वितळतो. आम्ही लिक्विड नायट्रोजनने थेंब पार गोठवतो आणि मग हळूहळू वर आणत बर्फाचा शेवटचा कण कधी जातो ते बघत बसतो. उणे ५ ला गेला तर मीठ साधारण ८ टक्के, उणे १० ला गेला तर १४ टक्के, आणि समुद्राचं पाणी असतं साडेतीन टक्क्यांचं, म्हणजे बघ. वितळायला सुरुवातच कधी झाली यावरून मीठ कुठलं तेही कळतं, साधं मीठ असेल तर उणे २१ च्या आसपास, आणि उणे पन्नासच्या खालीच हालचाल दिसली तर कॅल्शियम क्लोराइडचा संशय घ्यायचा. उणे ५६.६ ला काही वितळलं तर तो कार्बन डायऑक्साइड. तू नागपूरची आहेस म्हणून एक खास सांगते, कार्बन डायऑक्साइडवाल्या थेंबात बुडबुड्याच्या आत बुडबुडा दिसतो, फार देखणा असतो, पण ३१ अंशांच्या वर तो आतला बुडबुडा टिकत नाही, त्यामुळे मे महिन्यात एसी बंद पडला की चकतीत काही नाहीच असं वाटतं. आमच्याकडे एका मुलाने अशी चकती टाकून द्यायला काढली होती.

आता खरं काम. थेंब सगळे एका वेळचे नसतात. काही स्फटिक वाढतानाच अडकलेले, काही नंतर स्फटिकाला तडा गेला, त्यात वेगळंच पाणी शिरलं आणि तडा बुजताना अडकलेले. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी तीन आठवडे बसून शंभरावर थेंब मोजले, मस्त ग्राफ काढला, एकदम सुरेख टोकदार आकडा आला १६० अंशांचा, आणि सरांकडे घेऊन गेले तर त्यांनी ग्राफकडे पाहिलंसुद्धा नाही, चकती मायक्रोस्कोपला लावली आणि विचारलं, हे सगळे थेंब एका रांगेत का आहेत? सगळे एका बुजलेल्या तड्यातले होते. मी ज्या तांब्याचा अभ्यास करत होते ते येऊन बसल्यानंतर कितीतरी काळाने आलेलं पाणी मी तीन आठवडे मन लावून मोजलं होतं. मोजमाप चोख होतं हो, एका अंशाचीही चूक नव्हती.

म्हणून डिझर्टेशनला घे, पण पहिला महिना स्टेजला (मायक्रोस्कोपखालचं ते तापव-गोठवचं यंत्र) हात लावू नकोस, नुसतं बघ आणि चित्रं काढ, हाताने. कुठला थेंब वाढीच्या रेघेवर आहे, कुठला तड्यात आहे, शेजारच्या पाच थेंबांत बुडबुड्याचं प्रमाण सारखं आहे का. एकाच घोळक्यात कुणाचा बुडबुडा मोठा, कुणाचा लहान असेल तर सावध हो, कुणीतरी गळलेला असतो. कॅल्साइट, फ्लोराइटसारखी मऊ खनिजं जास्त तापवलीस तर पोकळीच ताणली जाते आणि पुढचे सगळे आकडे बाद. आणि बुडबुडा नाहीसा झाल्याचं तापमान हे किमान तापमान असतं, वर दाब किती होता ते कळल्याशिवाय खरं तापमान कळत नाही, हे व्हायव्हाला हमखास विचारतात.

प्रश्न: आमची सराफीची चौथी पिढी. सोनं विरघळवायला आम्हाला तेजाबाचं मिश्रण लागतं, साध्या पाण्यात, कितीही उकळा, सोनं गेलेलं मी तरी पाहिलं नाही. तुम्ही लिहिलंत की खाणीतलं सोनं गरम पाण्यातून आलं. पटत नाही.
— सराफ वाचक, कोल्हापूर

उत्तर: तुम्हाला पटत नाही हे मला फार आवडलं, कारण तुमचा अनुभव शंभर टक्के खरा आहे आणि उत्तरही त्यातच आहे. तुमच्या मिश्रणात दोन आम्लं असतात ना, एकटं नायट्रिक सोन्याचं काही करू शकत नाही, एकटं हायड्रोक्लोरिकही नाही. नायट्रिक सोन्याला धातूपणातून सुटायला लावतं आणि दुसऱ्यातलं क्लोराइड सुटलेल्या सोन्याचा हात धरतं, परत बसू देत नाही. मुद्दा हात धरणाऱ्याचा आहे. जमिनीखाली ते काम बऱ्याचदा गंधक करतं. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड गरम पाण्यात मिसळला की त्यातलं गंधक सोन्याला धरतं आणि सोनं पाण्याबरोबर प्रवासाला निघतं.

किती सोनं निघतं म्हणाल तर तुमच्या तराजूवर येणार नाही इतकं, एका टन पाण्यात मिलिग्रॅमच्या हिशोबात. साध्या खडकातसुद्धा टनामागे जेमतेम काही मिलिग्रॅमच असतं. पण खाण परवडायची तर टनाला काही ग्रॅम लागतं, म्हणजे हजारपट गोळा झालं पाहिजे. त्यासाठी पाण्याने अफाट प्रमाणात यायचं, लांबून लांबून सोनं वेचत यायचं आणि सगळं एकाच अरुंद फटीत टाकायचं. टाकतं कधी, तर हात सुटला की. खोलवर दाबाखाली असलेलं पाणी भूकंपात फट उघडली की एकदम मोकळं होतं, कुकरची शिट्टी उचलल्यासारखं, वायू निघून जातो, त्याबरोबर गंधक जातं आणि सोनं जागच्या जागी बसतं. किंवा पाणी लोहयुक्त खडकातून जातं, लोखंड गंधकाला ओढून घेतं, त्याचं पायराइट होतं आणि सोनं एकटं पडतं. फट परत क्वार्ट्झने बुजते, परत दाब चढतो, परत फुटते, असं कितीतरी वेळा. कर्नाटकातल्या कोलारच्या क्वार्ट्झच्या शिरा अशाच जुन्या खडकांतल्या, अडीच अब्ज वर्षांच्या मागच्या. तिथे माणूस सोन्याच्या मागे तीन किलोमीटरहून खोल गेला आणि शेवटी २००१ मध्ये खाण बंद झाली. रायचूर जिल्ह्यातली हट्टी अजून चालू आहे. अशा शिरांमधले थेंब तपासले की बहुतेक वेळा मीठ कमी आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर निघतो, तापमान साधारण अडीचशे ते चारशे. उलट तांब्याच्या काही मोठ्या ठेवींत थेंबात मीठ इतकं की थंड झाल्यावर त्यात मिठाचा चौकोनी खडा बसलेला दिसतो, कारण तांब्याचा हात गंधकापेक्षा क्लोराइड चांगला धरतं. म्हणून थेंबातल्या मिठावरून आम्ही अंदाज बांधतो की हे पाणी कुठला धातू घेऊन चाललं असेल.

आणि डोळ्यांनी बघायचं असेल तर न्यूझीलंडला. तिथल्या ब्रॉडलँड्सच्या भू-औष्णिक क्षेत्रात गरम पाण्याच्या विहिरींच्या पाइपमध्ये, जिथे दाब एकदम उतरतो बरोबर तिथे, आपल्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसा क्षार बसला होता, तो तपासला तर त्यात सोनं काही टक्क्यांपर्यंत निघालं. १९८६ मध्ये हे छापून आलं. पाइप टाकून किती वर्षं झाली होती? भूगर्भाच्या हिशोबात काल परवा.

प्रश्न: मग वज्रेश्वरीच्या आणि उन्हवरेच्या कुंडांत सोनं का नाही? तिथे तर गंधकाचा वासही येतो.
— वसईहून एक वाचक

उत्तर: सराफांच्या आधी तुमचं पत्र आलं असतं तर तुम्हीच लेख लिहिला असता. कोकणातले हे झरे ज्वालामुखीचे नाहीत, पावसाचं पाणी, किनाऱ्याजवळ थोडं समुद्राचंही, भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. वर येतं तेव्हा चाळीस ते सत्तर अंशांच्या घरात. नुसतं गरम आणि वासाचं असून भागत नाही, खोलवर दोनशेच्या वर तापमान हवं, गंधक वासापुरतं नाही तर भरपूर हवं, आणि वाटेत धातू टाकायला काहीतरी कारण घडायला हवं. अंघोळ करून या, सांध्यांना बरं वाटतं म्हणतात.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की मिठाच्या खड्यातल्या बुडबुड्यात ८३ कोटी वर्षांपूर्वीचे जिवंत जंतू सापडले आणि शास्त्रज्ञ तो खडा फोडणार आहेत. घाबरायचं का?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर: सर, नाही. मूळ बातमी २०२२ ची आणि खरी आहे. ऑस्ट्रेलियातल्या ८३ कोटी वर्षं जुन्या मिठाच्या थरातले थेंब मायक्रोस्कोपखाली, न फोडता बघितले, त्यांत जंतूंच्या आणि शैवालाच्या पेशींसारखे दिसणारे कण आणि सेंद्रिय द्रव्य मिळालं. जिवंत आहेत असं सिद्ध केलेलं नाही, तो मसाला फॉरवर्ड करणाऱ्यांनी घातला. मला त्या कामातलं आवडलं ते वेगळंच, त्यांनी आधी मीठ वाढतानाचे थेंब आणि नंतरचे थेंब वेगळे काढले, वाढीच्या पट्ट्यांमधलेच घेतले. माझ्या तीन आठवड्यांची आठवण झाली.

प्रश्न: ज्योतिषांनी पाचू घालायला सांगितलाय. दुकानदार म्हणतो कोलंबियाचा आहे, आत डाग आहे म्हणूनच अस्सल. खरं का?
— ठाण्याहून एक वाचक

उत्तर: बुधाचं मला विचारू नका, पाचूचं सांगते. कोलंबियाच्या पाचूत बऱ्याचदा एकाच पोकळीत पाणी, वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी खडा असं त्रिकूट दिसतं, कारण तो पाचू खारट पाण्यातून वाढला. पण अफगाणिस्तानच्या पंजशीरच्या पाचूंतही तसं दिसू शकतं, आणि प्रयोगशाळेत केलेल्या पाचूंनाही आपले आपले डाग असतातच. डाग आहे म्हणून अस्सल हे बोलणं दुकानातलं. रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट मागा.

प्रश्न: मुलीला बारावीनंतर भूगर्भशास्त्र घ्यायचंय. दगड बघून पोट भरतं का हो?
— पालक, लातूर

उत्तर: माझं भरतंय. यूपीएससीची भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा असते, त्यातून जिऑलॉजिकल सर्व्हेमध्ये आणि भूजल मंडळात जागा असतात. सर्व्हेचं मध्य विभागाचं मुख्यालय नागपुरात, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सही नागपुरात, मँगनीजवाली मॉइलही तिथलीच, म्हणजे मुलगी फार लांब जाईल अशी काळजी नको. उन्हातान्हात फिरायची तयारी हवी आणि फील्डवर मुलींसाठी सोयी कमी असतात हे आधीच सांगून ठेवते, आमच्या वेळेपेक्षा बरं आहे पण चांगलं नाही. तिला जायचंय तर जाऊ द्या.

प्रश्न: मावशी, आमच्या नदीत पांढऱ्या गारगोट्या मिळतात आणि आजोबांकडे एक गारगोटी आहे ती काचेसारखी आरपार आहे. दोन्ही एकच दगड आहे असं आमच्या बाई म्हणतात. मग एक पांढरी का?
— इयत्ता सहावी, भोर

उत्तर: बाई बरोबर सांगतात, दोन्ही क्वार्ट्झच. बर्फाचा तुकडा आरपार दिसतो ना, पण गोळेवाला तोच किसतो तेव्हा पांढरा शुभ्र होतो, कारण मधेमधे हवा शिरते आणि उजेड सरळ जायचा सोडून इकडेतिकडे उडतो. तुझ्या पांढऱ्या गारगोटीत हवेच्या जागी पाण्याचे थेंब आहेत, या पानावर वर सगळे मोठे लोक ज्यांच्याबद्दल विचारतायत तेच. एडविन रोएडर नावाचे एक शास्त्रज्ञ होते, त्यांनी आयुष्यभर हे थेंब बघितले, त्यांनी लिहून ठेवलंय की पांढऱ्या क्वार्ट्झच्या साखरेच्या क्यूबएवढ्या तुकड्यात असे अब्जभर थेंब असू शकतात. आजोबांच्या गारगोटीत फार थोडे असतील, म्हणून ती आरपार.

आणखी एक करून बघ. दोन पांढऱ्या गारगोट्या घे, रात्री खोलीत पूर्ण अंधार कर, पांघरुणात शिरलीस तरी चालेल, आणि एकमेकींवर जोरात घास. आतून पिवळसर उजेड दिसेल. तो थेंबांमुळे नाही हं, ते वेगळं प्रकरण आहे, दिसला की मला लिही, मग सांगते.